घुमटाखाली मान हलवून चालत नाही

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका आदरणीय यमुताई, त्यांच्या शेजारी बसलेले आमच्या हिंगण्याच्या कारखान्याचे मालक बाबाराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या ड्राफ्ट्समन शामलाबाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे वडील गोपाळराव, शाळेच्या शिक्षिका, सक्करदऱ्याची जाणती मंडळी, कारखान्यातले माझे सोबती आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या विद्यार्थिनींनो,

बाईमाणसाला ड्राफ्ट्समन म्हणावं की आणखी काही, यावर आमच्या कारखान्यात एकदा मोठा वाद झाला होता. शामलाबाई म्हणाल्या, "नकाशा बरोबर आला की मला काहीही म्हणा." वाद तिथेच मिटला. म्हणून मीही आज ड्राफ्ट्समनच म्हणालो. कुणाला खटकलं असेल तर त्यांनी त्यांच्याशीच बोलावं, उद्यापासून त्यासाठी बडोद्याला जावं लागेल.

खरं तर हे भाषण बाबारावांनी करायचं होतं. त्यांचा घसा बसला आहे. सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "गिरिधर, तू बोल. तुझा आवाज मोठा आहे. पण घुमटावरच बोलायचं. दुसऱ्या कशावर घसरायचं नाही. समजलं?" मी शब्द दिला आहे. आपण सगळे साक्षीदार आहात.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं माझ्याविषयी. मी गिरिधर. आपल्या नागपूरच्या सायन्स कॉलेजात दुसऱ्या वर्षापर्यंत होतो, पुढे नव्हतो. प्रॅक्टिकलच्या मार्कांवरून एका सरांशी माझं वाजलं. त्यांचा आवाज वर्गापुरता राहिला, माझा तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. माफी लिहून द्या म्हणाले, मी दिली नाही. ते बरोबर होते की मी, हा विषय आजचा नाही. पण ज्या आवाजाने माझं कॉलेज सुटलं, त्याच आवाजावर बाबारावांनी मला नोकरी दिली. कशी, ते पुढे येईलच.

आधी या जागेविषयी. मी जिथे उभा आहे, बरोबर तिथेच मे महिन्यात तीस फुटी लोखंडी खांब उभा होता. घुमटाचा मध्य तो हाच. इथे उभं राहिलं की एक गंमत होते. या पत्र्याखाली कुठल्याही कडेला कुणी हळू बोललं तरी ते फिरून इथे येतं, आणि इथून मोठ्याने बोललं की सगळीकडे पोचतं. म्हणून तर आज माईक लावलेला नाही. आणि म्हणूनच, मागच्या रांगेतल्या मुलींनो, "हाच का गं तो?" हे मला आत्ता स्पष्ट ऐकू आलं. हो, हाच. आता पुढे ऐका.

शाळेला सभागृह हवं होतं. यमुताईंची अट एकच होती, मधे खांब नको. त्यांचं म्हणणं, स्नेहसंमेलनात खांबामागे बसलेली मुलगी वर्षानुवर्षं खांबामागेच बसते आणि तिला वाटतं की नाटक म्हणजे खांबच असतो. शामलाबाईंनी चार दिवस कागदावर मान घातली आणि त्रिकोणांचा घुमट काढून आणला. सगळे लोखंडी पाइप, पाइपांचे त्रिकोण, त्रिकोणाला त्रिकोण जोडलेला, वरून पत्रा. साठ फूट रुंद, मधे चोवीस फूट उंच, खांब एकही नाही. आमचे वेल्डर भैयाजी म्हणाले, "भाऊ, ही तर उलटी कढई हाय." इथली मंडळी तर सभ्य शब्दांत बोलतच नव्हती. "शाळेत कोंबड्या झाकाचं डालं बनवून राहिले" असं पानठेल्यावर मी स्वतः ऐकलं आहे. त्या पानठेल्याचे मालकही आज आले आहेत. आपलं स्वागत असो.

तर काम मे महिन्यात करायचं ठरलं, कारण शाळेला सुट्टी. पण मे महिना म्हणजे लग्नसराई. आमच्या कारखान्यातली माणसं आपापल्या गावच्या मांडवात. उरलो आम्ही पाच. नत्थूजी, म्हणजे भार उचलायच्या कामातले आमचे सगळ्यात जुने गडी. त्यांच्या धाकट्या भावाची बायको पंचफुलाबाई, आमच्याकडे हेल्पर. भैयाजी. शामलाबाई. आणि मी. क्रेन आणावी तर शाळेचं फाटक अरुंद, गल्लीवर विजेच्या तारा, आणि तो कडुलिंब, ज्याची एक फांदीसुद्धा यमुताई तोडू देणार नव्हत्या.

बाबारावांनी नकाशा पाहिला, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पाच माणसं. वर कोण चढणार?"

"कुणीच नाही," शामलाबाई म्हणाल्या.

"मग घुमट वर कसा जाणार?"

"घुमट जाईल वर. आपण खालीच राहायचं."

आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे, मला कल्पना नाही. घर आपण खालून वर बांधतो. हा घुमट वरून खाली बांधला. आधी मधला खांब उभा केला, त्याला चार दिशांनी पोलादी दोरांचे तणावे दिले, तंबूला देतात तसे, आणि जमिनीत लोखंडी मेखा ठोकून ते बांधले. मग जमिनीवरच, खांबाभोवती, घुमटाचा फक्त शेंडा जोडला. तो चेनपुलीने छातीइतका उचलला. खाली टेकू लावले. त्याच्या कडेला पुढचं कडं जोडलं. पुन्हा उचलला, पुन्हा टेकू, पुन्हा पुढचं कडं. असं करत शेवटचं कडं या भिंतीवर येऊन बसलं. आमच्यापैकी कुणाचाही पाय स्टुलापेक्षा वर गेला नाही. आज आपण वर पाहता आहात तो शेंडा, मुलींनो, आम्ही मांडी घालून जोडला आहे.

ऐकायला सोपं वाटतं. पण पाइप तीन लांबीचे होते. लाल आखूड, ते ओळखू येतात. पिवळा आणि निळा यांत चार बोटांचाच फरक. एक पिवळा निळ्याच्या जागी गेला तर त्या वेळी काही कळत नाही. तीन कडी पुढे गेल्यावर कळतं, जेव्हा काहीच जुळत नाही. म्हणून शामलाबाईंनी प्रत्येक पाइपाची दोन्ही टोकं स्वतः रंगवली. त्या दिवसांत त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीला निळा रंग असायचा, आणि घाम पुसताना तो कपाळावर, डाव्या भुवईच्या जरा वर…

बाबाराव खाकरले. मी घुमटावरच बोलतो आहे, बाबाराव. रंग घुमटाचाच होता.

दुसरी गोष्ट बोल्टची. माझा स्वभाव असा, की बोल्ट दिसला की आवळायचा. शेंडा जोडताना मी पहिलाच बोल्ट पाना लावून असा आवळला, की भैयाजींनी टाळ्या वाजवल्या. शामलाबाई आल्या आणि म्हणाल्या, "गिरिधरभाऊ, सैल करा."

मी म्हणालो, "सैल ठेवू? पडेल की!"

"कडं मिटेपर्यंत सगळे बोल्ट बोटांनीच. एक जरी आधी आवळला तरी शेवटचा आपल्या भोकात जात नाही. मग तुम्ही हातोडा घ्याल, आणि मग पाइप वाकेल. सगळे एकमेकांशी जुळले की मग आवळा, हवे तेवढे."

मी चिडलो. जे बोललो ते मुलींसमोर सांगण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या, "गिरिधरभाऊ, सैल करा." नत्थूजी पुलीला तेल देत होते. तिथूनच म्हणाले, "काहून तापून राहिला गा? लोखंडाले राग समजत नाही. त्याले भोक समजते." मी सैल केला. कडं मिटलं, शेवटचा बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा गेला.

आता तो 'भाऊ'. नागपुरात भाऊ सगळ्यांनाच म्हणतात. दूधवाल्याला, पोलिसाला, सायकल अंगावर घालणाऱ्यालासुद्धा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं. मी घेत असे. असो. घुमट.

तर माझ्या आवाजाचं काम काय? भार उचलताना चेन ओढणारा माणूस आत, खांबाशी असतो. ती जागा नत्थूजींची. बाकीचे कडेला चार बाजूंना, टेकू घेऊन. एकमेकांचे चेहरे नीट दिसत नाहीत, मधे सगळे पाइपच पाइप. म्हणून हुकूम एकाच गळ्यातून यायचा, तो माझ्या. पण 'ओढा' म्हणायच्या आधी मी प्रत्येकाला नावाने हाक मारायची, आणि ज्याने त्याने तोंडाने 'तयार' म्हणायचं. हा नियम शामलाबाईंचा. मान हलवली तर ती धरायची नाही. माणूस माशी हाकलायलाही मान हलवतो, असं त्यांचं म्हणणं. गप्प राहणं म्हणजे होकार नाही आणि मान हलवणं म्हणजे उत्तर नाही.

आणि त्याच्याच जोडीला दुसरा नियम. 'ओढा' मी एकट्याने म्हणायचं, पण 'थांबा' कुणीही म्हणायचं. कुणी थांबा म्हटलं की सगळ्यांनी हातातला भार आहे तसा धरून ठेवायचा. सोडायचा नाही, उचलायचा नाही, का म्हणून विचारायचंही नाही. कारण ज्याने थांबवलं तो सावकाश सांगेल.

यात नत्थूजींनी स्वतःची भर घातली. ते म्हणाले, "नियम चांगला हाय. पन माणूस लाजते. फुकट थांबवलं तं लोक हासतीन, म्हनून तोंड उघडत नाही. म्हनून जो फुकटचा थांबा म्हनन, त्याले पहिला चहा." भैयाजींनी त्याच दिवशी एक कावळा दाखवून थांबा म्हटलं आणि पहिला चहा मिळवला. आम्ही कुणी हसलो नाही. म्हणजे हसलो, पण चहा झाल्यावर.

इथपर्यंत सगळं सुरळीत. अडलं ते पंचफुलाबाईंपाशी. मी हाक मारली, "पंचफुलाबाई?" उत्तर नाही. पुन्हा मारली. पाहतो तर पदर पुढे ओढलेला आणि आतून मान हललेली. शामलाबाई त्यांच्याजवळ गेल्या. "पंचफुलाबाई, तोंडाने बोलावं लागेल."

त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "कशी बोलू बाई? भासरे उभे हायेत नं तिकडं."

भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, हे इथे कुणाला सांगायला नको. त्यांच्या घरी भासऱ्यासमोर आवाज काढत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून पंचफुलाबाई नत्थूजींसमोर एक शब्द बोललेल्या नव्हत्या. एकाच सायकलरिक्षातून दोघं हिंगण्याच्या बसपर्यंत येत, एकाच कारखान्यात काम करत, आणि काही सांगायचं असलं तर मधे घरातलं एखादं पोर लागे, किंवा भिंत. हो, भिंत. "भाकरी बांधून ठेवली हाय" हे त्या भिंतीला सांगत आणि भिंतीजवळचे नत्थूजी ऐकत.

शामलाबाई अडून बसल्या. नत्थूजी अवघडले, खांबाकडे तोंड करून उभे राहिले. ऊन डोक्यावर आलेलं, पाइपांना हात लाववत नव्हता. अखेर आम्ही सगळ्यांनी मिळून मधला मार्ग काढला: पंचफुलाबाईंची मान चालेल. त्यांच्या बाजूला मी बघेन. शामलाबाई एवढंच म्हणाल्या, "मला पटलेलं नाही." पण चौघांपुढे एक, काय करतील?

दोन वेळा ते चाललंही.

तिसऱ्या वेळी घुमट अर्ध्याहून जास्त झालेला. वजन चांगलंच वाढलेलं. मी हाका मारल्या. भैयाजी तयार, नत्थूजी तयार, शामलाबाई तयार, पंचफुलाबाईंची मान हलली. "ओढा!" चेन कुरकुरायला लागली. मी ताल धरून ओरडत होतो, "ओढा… ओढा…" आणि मधेच कुठेतरी टण, टण, टण. मला वाटलं, भैयाजी काही ठोकत आहेत. राग आला, अजून मोठ्याने ओरडलो, "ओढा!"

तेवढ्यात शामलाबाईंचा आवाज आला, "गिरिधर, थांबा!"

सगळं थांबलं. नत्थूजींच्या हातात चेन ताठ. टण टण अजून चालूच. पाहिलं तर पंचफुलाबाई. पदर दातांत धरलेला आणि उजव्या हाताने पाइपावर पाना आपटताहेत, डोळ्यांत पाणी. डाव्या हाताचं बोट मागे. मागे शाळेची पाण्याची टाकी, ती भरून वाहिलेली, तिथली माती चिखल झालेली, आणि त्या चिखलातली तणाव्याची मेख उपटत चालली होती. अजून वीतभर ओढलं असतं तर मेख बाहेर, तणावा सैल, खांब कलंडला असता. आणि खांबाखाली कोण होतं? नत्थूजी. ज्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं म्हणून त्या बोलल्या नाहीत, तेच.

त्यानंतर जे केलं ते अगदी साधं. भार धरून ठेवला. भैयाजींनी आणि मी एकेक करून टेकू लावले, भार टेकूंवर घेतला, चेन सैल केली, मगच नत्थूजी बाहेर आले. मेख कोरड्या टणक जागी नव्याने ठोकली, तिच्या मागे आणखी एक. बाकीच्या तीनही पाहिल्या. टाकीचा नळ बंद केला. त्यात कुणी कुणावर ओरडलं नाही. मीही नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना हे विशेष वाटेल.

मग नत्थूजी कडुलिंबाखाली बसले. दुपट्ट्याने तोंड पुसलं. आणि झाडाच्या बुंध्यालाच म्हणाले, "आमच्या घरी भासऱ्याशी बोलत नाहीत. आजीच्या वक्तापासून नाही." मग त्यांनी तोंड फिरवलं आणि सरळ पंचफुलाबाईंकडे पाहिलं. "पन हा घुमट काही आपलं घर नाही. पंचफुला, याच्याखाली मी तुवा भासरा नाही. मेलो असतो तं कोनाचा भासरा राहिलो असतो? उद्यापासून तोंडानं बोल. मले शिवी दे, चालते. पन बोल."

पंचफुलाबाईंनी, सवयीने, मान हलवली.

"मुंडी नाही!" नत्थूजी ओरडले. आणि पदराआडून पहिल्यांदा शब्द आला, "हो जी."

दुसऱ्या दिवशी भार उचलताना अशी आरोळी आली, "थांबाऽऽ!" की रस्त्यावरचा एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. आम्ही भार धरला. घामाच्या धारा. पंचफुलाबाई म्हणाल्या, "खार बसली होती जी, सांध्यावर. गेली आता."

भैयाजी म्हणाले, "बाई, उद्या हत्ती आन!"

पण चहा आला तेव्हा नत्थूजींनी किटली स्वतः उचलली, पहिला कप भरला आणि स्वतःच्या हाताने धाकट्या भावाच्या बायकोला दिला. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. एक कडुलिंबाकडे बघत होते, एक चपलेकडे. पण कप एका हातातून दुसऱ्या हातात गेला, हे आम्ही तिघांनी पाहिलं आहे. माझ्या मते या घुमटातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं. पत्रा वगैरे कुणीही लावेल.

त्या मेखेच्या प्रसंगाबद्दल एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. बाकी सगळ्यांना त्या दिवशीची मेख आठवते. मला आठवतं ते असं, की शामलाबाई "गिरिधर, थांबा" म्हणाल्या होत्या. त्यात 'भाऊ' नव्हता. घाईत राहिला असेल. एवढं वजन टांगलेलं असताना कोण पूर्ण नाव घेतं? पण दुसऱ्या दिवशी, घाई नसताना, तो परत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

बाबाराव, आपण बसा. मी घुमटावरच आहे. आता खांब काढायचाच राहिला आहे.

शेवटचं कडं भिंतीवर बसलं, बोल्ट सगळे आवळले, आणि उरला हा मधला खांब. घुमट स्वतःच्या पायावर उभा आहे की चेनवर लोंबकळतो आहे, हे चेन सैल केल्याशिवाय कळत नाही. यमुताई खुर्ची घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या मुली ज्याच्याखाली बसणार, त्याच्याखाली आधी मी बसते." शामलाबाईंनी त्यांना हात जोडून बाहेर बसवलं आणि म्हणाल्या, "बाई, चेन निघू द्या. मग आपण दोघी बसू." मी हाका मारल्या. पाचही 'तयार' तोंडाने आले. नत्थूजींनी चेन सोडली. कडी कडी सैल झाली, आणि शामलाबाईंनी शेंड्यावरून सोडलेला ओळंबा होता तिथेच राहिला. केसभरही हलला नाही. यमुताई खुर्ची आत घेऊन आल्या, शामलाबाई त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. खांब उतरवून आम्ही बाहेर नेला.

संध्याकाळी सगळे सामान आवरत होते. शामलाबाई इथे, मी उभा आहे तिथेच, वर बघत उभ्या होत्या. मी जवळ गेलो आणि त्यांना एक प्रश्न विचारला.

प्रश्न कोणता, ते मी सांगणार नाही. मी शब्द दिला आहे. आणि खरं सांगायचं तर भैयाजी बाहेर पाइप मोजत होते, त्यामुळे सक्करदऱ्यापासून धंतोलीपर्यंत तो प्रश्न आधीच पोचलेला आहे. गोपाळरावांपर्यंतही पोचला असावा, कारण त्या आठवड्यात मी त्यांना नमस्कार केला तेव्हा त्यांनी चष्मा काढून मला नीट पाहिलं होतं. गोपाळराव, मी चुकीचं काही विचारलं नव्हतं. आणि जे विचारलं ते तुमच्याकडे येण्याआधी त्यांनाच विचारलं पाहिजे होतं, असं मला अजूनही वाटतं. रागावायचं असेल तर समारंभ संपल्यावर मी बाहेर कडुलिंबाखाली उभा आहे.

शामलाबाईंनी उत्तर म्हणून काय केलं? मान हलवली.

ती हो होती, नाही होती, की मावळतीचं ऊन डोळ्यांवर आलं म्हणून होती, मला आजही सांगता यायचं नाही. एरवी मी तिथल्या तिथे आवळून टाकलं असतं. दोन शब्द चढ्या आवाजात बोललो असतो, काय ते एकदाचं सांगा म्हणालो असतो. पण मान धरायची नाही, हा नियम कुणाचा? त्यांचाच. आणि मान धरली की काय होतं, ते मी टाकीजवळच्या चिखलात पाहिलं होतं. म्हणून मी ती हो धरली नाही आणि नाहीही धरली नाही. मे गेला, पत्रे बसले, शाळा भरली, गणपती झाले. मी परत विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत. मधल्या काळात बडोद्याच्या मोठ्या ऑफिसातून त्यांना बोलावणं आलं. तिथे याच्या तिप्पट मोठे घुमट काढतात म्हणे. त्यांनी जायलाच हवं. त्यांनी जाऊ नये असं ज्याला वाटेल त्याला घुमटातलं काही कळत नाही. मला थोडं कळतं.

तर निरोप.

निरोप द्यायचा म्हणजे आपल्या हातातला दोर सोडायचा. आणि आमच्यात दोर सोडण्याआधी नावाने हाक मारतात, हे आता आपणा सर्वांना माहीत झालं आहे. यमुताई, आपली परवानगी असेल तर आमची पाच जणांची शेवटची हजेरी मी घेतो. नवीन काही विचारत नाही. उचलताना जे विचारायचो तेवढंच.

भैयाजी?

"तयार." धन्यवाद. कावळा नको आज.

नत्थूजी?

"तयार."

पंचफुलाबाई? … ऐकलंत ना, मंडळी? भासरे शेजारी बसलेत, पदर डोक्यावर आहे, आणि आवाज या पत्र्याला लागून परत आला.

मी गिरिधर. मी तयार आहे. कशाला ते माझं मला माहीत.

शामलाबाई?

…

मोठ्याने बोलायची गरज नाही. मी मध्यावर उभा आहे. इथे सगळं ऐकू येतं.

…

मागे बसलेल्यांना कदाचित ऐकू आलं नसेल. माझ्यापर्यंत आलं. त्या म्हणाल्या, "गिरिधर, थांबा."

मुलींनो, शांत बसा. गोपाळराव, आपणही बसा. आपण या कामावर नव्हता, म्हणून सांगतो. थांबा म्हणजे नाही असं नसतं. त्याला घाईने हो समजणाराही मूर्ख, आणि तसला मूर्ख मी आता राहिलेलो नाही. गाडी उद्या वेळेवर सुटेल, त्या बडोद्याला जातील, तिथलं काम करतील. थांबा म्हणजे हातात आहे ते धरून ठेवा. सोडू नका, ओढू नका, का म्हणून विचारू नका. ज्याने थांबवलं तो कारण सावकाश सांगेल.

धरलं आहे, शामलाबाई. सावकाश सांगा.

आता माझ्याजवळ बोलण्यासारखं फारसं उरलेलं नाही. शाळेने आपलं सभागृह आम्हा पाच जणांवर सोपवलं याबद्दल यमुताईंचे, घसा बसल्याबद्दल बाबारावांचे, आणि एवढा वेळ पत्र्याखाली बसून ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार मानतो. मी वर्गात शिकलेलं बोलणं अर्ध्यावर सोडलेला माणूस आहे. कुठे एखादा बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळला गेला असेल, तर वडीलधाऱ्यांनी आपल्या हाताने तो अर्धा आटा सैल करून घ्यावा, एवढीच विनंती.

नत्थूजी, किटली आली आहे. पहिला कप शामलाबाईंना.